विंचेस्टरचे काळ्या आणि लाल झग्यांतले आजोबा : सेंट क्रॉसबद्दल कोणी सांगेल का?

सायली_साउदॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी आम्ही तिघं साउदॅम्प्टनहून विंचेस्टरला गेलो. रेल्वेनं वीसेक मिनिटं लागतात. कॅथीड्रल बघून झालं तरी ऊन टिकून होतं, म्हणून इचेन नदीच्या काठाकाठानं कुरणांतून दक्षिणेकडं चालत निघालो. पाणी इतकं नितळ होतं की तळातलं शेवाळ कुणी कंगव्यानं विंचरल्यासारखं एका बाजूला झुकलेलं दिसत होतं. मैलभर गेल्यावर झाडांमागं दगडी मनोरा आणि एका रांगेत उभी उंच धुराडी दिसली. पाटीवर ‘हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस’. मला दवाखानाच वाटला.

कमानीखाली देवडीसारखी खोली होती. आमच्या पुढच्या बाईंनी खिडकीशी काहीतरी मागितलं आणि त्यांना छोट्या पेल्यात बिअर आणि पावाचा तुकडा मिळाला. पैसे नाहीत, काही नाही. आम्हीही मागितलं. बिअर नवऱ्यानं प्यायली, पाव लेकीनं खाल्ला. आत मोठं चौकोनी अंगण, मधे हिरवळ. काळा झगा घातलेले एक आजोबा चालले होते, छातीवर चांदीचा क्रूस. थोड्या वेळानं दुसरे दिसले, त्यांचा झगा गडद लाल. हातात भाजीची पिशवी होती. खिशातून किल्ली काढली, दार उघडलं, आत गेले.

लेकीनं विचारलं, “आई, हे इथंच राहतात?” मला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं विचारते. ही जागा कोणी काढली? इतकी वर्षं कशी टिकली? आणि तिथं राहायला कोणाला मिळतं?

मनात हे घोळत राहण्याचं खरं कारण वेगळं आहे. माझी मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही. मागच्या वर्षी आपल्याकडच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली. नाव लिहीत नाही. एका खोलीत चौघीजणी, कपाटाला कुलूप लावायचं नाही, फोन आला तर ऑफिसात जाऊन घ्यायचा. चार महिन्यांत ती बाहेर पडली. अनामत रक्कम अजून मिळालेली नाही. त्या लाल झग्यातल्या आजोबांनी खिशातून किल्ली काढली तेव्हा मला मावशीच आठवली.

---

इचेनकाठ

सायली, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. वयानं मी मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना? मी मूळची वाईची. बावीस वर्षं हॅम्पशरमध्ये घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम केलं. आंघोळ घालणं, गोळ्या देणं, पाय चोळणं, सगळं. त्यातली बरीच माणसं आम्सहाऊसमध्ये राहणारी. (लिहिताना मधे ‘एल’ असतो, पण उच्चार आम्स असाच.) त्यामुळं या विषयावर मी बोलणारच.

आधी शब्दाचं सांगते. तिथलं ‘हॉस्पिटल’ म्हणजे दवाखाना नव्हे. मूळ लॅटिन शब्द पाहुण्याचा. पाहुण्याला जिथं आसरा मिळतो ते हॉस्पिटल. आजारी माणसाशी हा शब्द जोडला गेला तो फार नंतर. मराठीत आम्सहाऊसला काय म्हणावं याचा मी खूप विचार केला आहे. धर्मशाळा म्हणावं तर ती वाटसराची, चार दिवसांची. अनाथाश्रम नाही आणि वृद्धाश्रमही नाही. दान केलेल्या मिळकतीच्या उत्पन्नातून गरीब म्हाताऱ्यांना कायमचं घर. एवढं सगळं एका शब्दात बसत नाही, म्हणून आम्सहाऊसच म्हणते.

तुम्हाला जो पाव आणि बिअर मिळाली त्याला मात्र आपल्याकडं नेमका शब्द आहे : सदावर्त. येईल त्या वाटसरानं मागावं आणि त्याला मिळावं. जात-गोत विचारायचं नाही. सेंट क्रॉसचं ते सदावर्त शतकानुशतकं चालू आहे. तू मागितलंस म्हणून मिळालं. न मागता ते देत नाहीत, आणि पुष्कळ लोक मागायचं राहूनच परत जातात.

आता जन्मकथा. विंचेस्टरचे बिशप हेन्री ऑफ ब्लॉय, इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यम द काँकररचे नातू आणि राजा स्टीफनचे सख्खे भाऊ. त्यांनी ११३० च्या दशकात हे काढलं. कुरणात फिरताना एक गवळण भेटली, तिनं भुकेल्या लोकांचं गाऱ्हाणं सांगितलं, अशी दंतकथा तिथं ऐकायला मिळते. दंतकथा सोडून दे, ठरवलं काय ते बघ. तेरा गरीब पुरुष, इतके थकलेले की दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभं राहणं कठीण, त्यांनी आत राहायचं. शिवाय गावातल्या शंभर गरिबांना रोज जेवण. त्या शंभरांच्या जेवणाच्या दालनाचं नावच शंभर माणसांचं दालन. तेरा हा आकडा ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य यांच्यावरून, असं सांगतात. काळा झगा आणि चांदीचा क्रूस या मूळच्या शाखेचा.

लाल झगा त्यानंतर तीनशे वर्षांनी आला. कार्डिनल हेन्री ब्यूफर्ट यांनी १४४५ मध्ये दुसरी शाखा काढली. तिचं नाव ऐकलं की मला दर वेळी गलबलून येतं : ऑर्डर ऑफ नोबल पॉव्हर्टी, म्हणजे खानदानी गरिबी. घर बरं होतं, दिवस फिरले, आणि आता मागायला जीभ रेटत नाही अशा माणसांसाठी. आपल्याकडं अशी माणसं प्रत्येक आळीत असतात. धुतलेलं, इस्त्रीचं धोतर नेसून देवळात जातात आणि घरी चूल पेटलेली नसते. पंधराव्या शतकातल्या एका माणसाला त्यांची वेगळी सोय करावीशी वाटली. लाल झग्यावर कार्डिनलच्या गोंड्यांच्या टोपीचं चिन्ह असतं, पुढच्या वेळी बघ. आणि चर्चमध्ये गेलात तर पायाखाली बघा. जुन्या फरशांवर अक्षरं आहेत : ‘हॅव माइंड’. आठवण ठेव. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या फरशीवर पाय ठेवायचा धीर झाला नाही, बाजूनं गेले.

आता तू विचारलंस, टिकली कशी. तेवढं दुसऱ्या कुणीतरी हिशेबाच्या माणसानं सांगावं असं मला वाटतं, कारण ते खरं जमिनीचं आणि खंडाचं प्रकरण आहे. मी तुला आतल्या बाजूचं सांगते.

मी ज्यांच्याकडं जायचे त्या एका आजी सेंट क्रॉसच्या नव्हेत, दुसऱ्या एका छोट्या आम्सहाऊसच्या. विटांची सहा घरं एका रांगेत, पुढं हातभर बाग. त्यांचं सगळं घर म्हणजे एक बैठकीची खोली, एक झोपायची, ओट्याएवढं स्वयंपाकघर. न्हाणीघरात लाल दोरी, ओढली की मदत येते. मी सकाळी साडेआठला पोचायचे. माझ्याकडं पेटीतली किल्ली असायची, पण मी कधीही किल्लीनं दार उघडलं नाही. आधी कडी वाजवायची. आतून काठीचा आवाज यायचा, एक पाऊल, काठी, एक पाऊल, काठी. चार मिनिटं लागायची. मग त्या स्वतः दार उघडायच्या. आमच्या कामाचा वेळ मिनिटांवर मोजतात, पण ती चार मिनिटं मी कधी वाचवली नाहीत. दर शुक्रवारी त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि दारावरची पितळी कडी घासायच्या. हात थरथरत असायचे. मी म्हटलं, द्या, मी करते. तर म्हणाल्या, तू माझी पाठ घास, कडी मी घासणार, दार माझं आहे.

या आजींच्या आजीला वर्कहाऊसची, म्हणजे निराधारांना राबवून पोटाला घालणाऱ्या सरकारी घराची, धास्ती होती. वर्कहाऊसचं नाव निघालं की ती उठून आत जायची म्हणे. लोक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात, म्हणून लिहिते. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर वर्कहाऊस गावोगाव उभी राहिली. तिथं जाणं इतकं कष्टाचं करायचं की अगदी नाइलाज झाल्याशिवाय माणूस पायरी चढणार नाही, हेच धोरण होतं. नवरा-बायको आत शिरल्याबरोबर वेगळे. कपडे काढून घ्यायचे आणि तिथले घालायचे. आम्सहाऊस त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्याची रीत अगदी उलटी. इथं माणसाला त्याचं दार देतात.

---

निवृत्त_निरीक्षक

इचेनकाठताईंनी हिशेबाच्या माणसाला हाक मारली, म्हणून लिहितो. मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली. विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासणं हेच काम. सेंट क्रॉसचं प्रकरण मी नोकरीत असतानाच वाचलं होतं, कारण आमच्या कायद्याची मुळं तिकडं आहेत. मूळ धरून सांगतो.

दान देणारा पैसे देत नसे, जमीन देत असे. तिचा खंड दरवर्षी येणार आणि त्यातून अन्न, वस्त्र, दुरुस्ती भागणार. आपल्याकडं देवस्थानाला इनाम जमीन द्यायचे, तसंच हे. जमीन असेपर्यंत संस्था जिवंत. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले, पुढं १५४७ च्या कायद्यानं मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्या संस्थांच्या मिळकती सरकारजमा झाल्या. त्या लाटेत गरिबांचे कित्येक आश्रय गेले. सेंट क्रॉस वाचलं.

पण बाहेरच्या राजापेक्षा आतला कारभारी जास्त घातक, हे मी एकतीस वर्षांत पाहिलं आहे. सेंट क्रॉसच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात. चौदाव्या शतकातच मास्टर लोकांनी उत्पन्न खिशात घातलं. तेव्हाचे बिशप विल्यम ऑफ विकहॅम कित्येक वर्षं भांडले, पोपपर्यंत गेले, आणि गरिबांचा हक्क परत मिळवला. विंचेस्टरची प्रसिद्ध शाळा काढली तेच हे बिशप.

मग १६९६ साल. त्या वर्षी मास्टर आणि तिथं राहणारे ब्रदर यांनी मिळून एक दस्त केला. आशय असा की, ठरलेल्या रकमा आणि शिधा गरिबांना दिला की उरलेलं सगळं मास्टरचं, आणि ही पूर्वापार चाल आहे. गरिबांच्या सह्या घेतल्या. असे दस्त मी हातात धरलेले आहेत. विश्वस्तांच्या सभेचं इतिवृत्त, सगळ्यांच्या सह्या, आणि सही करणाऱ्याला वाचून दाखवलेलं नाही.

त्यापुढचं नाव आहे फ्रान्सिस नॉर्थ, नंतरचे गिल्फर्डचे अर्ल. वडील ब्राउनलो नॉर्थ विंचेस्टरचे बिशप. त्यांनी १८०८ मध्ये मुलाला सेंट क्रॉसचा मास्टर नेमलं. आपण शाळेत १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट पाठ केला, तो ज्यांच्या कारकिर्दीत झाला आणि ज्यांच्या काळात इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध पेटलं, ते पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ या बिशपांचे सावत्र भाऊ. म्हणजे घराणं केवढं ते लक्षात घ्या. सायलीताई, तुमच्या साउदॅम्प्टनच्या सेंट मेरी चर्चचं उत्पन्नही याच फ्रान्सिस नॉर्थकडं होतं.

पैसा कसा काढला ते नीट समजून घ्या, कारण हाच प्रकार मी इथं पाहिला. जमीन लांब मुदतीच्या पट्ट्यानं द्यायची, तीन माणसांच्या हयातीपर्यंत वगैरे. वार्षिक खंड जुनाट, नाममात्र. पण पट्टा नवा करताना कुळाकडून एकरकमी नजराणा घ्यायचा. खंड संस्थेच्या वहीत जमा, नजराणा मास्टरच्या खिशात. वही तपासली तर एका पैचाही फरक निघत नाही. जमिनीचं खरं मोल मात्र दर पट्ट्याला बाहेर जात राहतं, आणि तिकडं गरिबांचा शिधा तोच, छप्पर तेच.

हेन्री हॉलोवे नावाच्या एका पाद्र्यानं हे उघड्यावर आणलं. सरकारच्या वतीनं दावा झाला. १८५३ मध्ये न्यायाधीश सर जॉन रोमिली यांनी १६९६ चा दस्त झुगारून दिला आणि निकाल संस्थेच्या बाजूनं लागला. मास्टरनं १८५५ मध्ये पद सोडलं. पुढं विश्वस्तांची नवी योजना आली. आधीच्या चार दशकांचा पैसा मात्र परत आला नाही. ते वाचताना मला आजही राग येतो. तेवढ्या काळात किती म्हातारी माणसं त्या दाराबाहेर राहिली असतील?

त्याच १८५३ साली इंग्लंडात चॅरिटी कमिशन कायद्यानं स्थापन झालं. आणि आपल्याकडचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा त्याच परंपरेतला. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यात धर्मादाय कामांची जी यादी आहे, तिची सुरुवातच म्हातारे, पंगू आणि गरीब यांच्या मदतीनं होते. आपल्या कायद्याचं कलम ३६ काढून बघा. संस्थेची स्थावर मिळकत विकायची असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देताना हे कलम मी सेंट क्रॉसच्या नजराण्यापासूनच शिकवत असे. रोग कळला की औषध लक्षात राहतं.

---

गोदा_मिडलंड्स

दोन्ही प्रतिसाद साठवून ठेवले. माझ्याकडून थोडी भर.

मी कव्हेंट्रीला राहते. इथं फोर्ड्स हॉस्पिटल आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, लाकडी चौकटीचं. मधे अगदी अरुंद अंगण, वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंच्या कोरीव तुळया जवळजवळ एकमेकींना भिडतात. ऑक्टोबर १९४० मध्ये त्यावर बॉम्ब पडला, आत राहणारी माणसं गेली. युद्धानंतर ढिगाऱ्यातून जुनी लाकडं निवडून काढली आणि तीच वापरून ते पुन्हा उभं केलं. आजही तिथं वयस्क माणसं राहतात. मी कामावर जाताना रोज त्या दारावरून जाते. माझ्या सासूबाई इथं आल्या होत्या तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून दोन्ही हात जोडून आल्या. मी काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं होतं की इथं बॉम्ब पडला आणि इथं परत घर बांधलं.

आणखी एक, शब्दांत रस असणाऱ्यांसाठी. लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावात आम्सहाऊसला ‘कॅलिस’ म्हणतात. हा शब्द फ्रान्सच्या कॅले बंदरावरून आला. स्टॅमफर्डचे लोकरीचे व्यापारी कॅलेमार्गे माल पाठवून गबर झाले आणि त्यांनी ही घरं बांधली. सगळ्यांत मोठं विल्यम ब्राउन या व्यापाऱ्याचं, पंधराव्या शतकातलं : दहा गरीब पुरुष आणि दोन बायका.

---

सायली_साउदॅम्प्टन

तुमचं सगळ्यांचं वाचून काल रात्री झोपच लागली नाही. लेकीला सकाळी शंभर माणसांच्या दालनाचं सांगितलं, तर म्हणाली, आपण मागितलेला पाव त्यांच्यातलाच का?

दहा पुरुष आणि दोन बायका. गोदाताई, हे वाचून थांबले. सेंट क्रॉसलाही सगळे ब्रदरच. म्हाताऱ्या बायकांचं काय होत होतं? माझ्या मावशीसारख्या एकट्या बाईला तिथं कुणी घेतलं असतं का?

---

इचेनकाठ

हा प्रश्न तू विचारलास म्हणून फार बरं वाटलं. मला तो कितीतरी वर्षं छळत होता.

ब्राउनच्या कॅलिसमधल्या त्या दोन बायका दहा पुरुषांची उठबस करायला होत्या. म्हणजे म्हातारपणीसुद्धा धुणं-भांडी सुटली नाहीत. पण फक्त बायकांसाठी काढलेली आम्सहाऊसही पुष्कळ आहेत. मला सगळ्यांत आवडतं ते नॉरफकमधल्या कासल रायझिंगचं ट्रिनिटी हॉस्पिटल. नॉर्थॅम्प्टनचे अर्ल हेन्री हॉवर्ड यांनी १६१४ मध्ये काढलेलं, गरीब म्हाताऱ्या बायकांसाठी. तिथल्या बायका संस्थापकाच्या स्मरणाच्या दिवशी लाल झगे आणि उंच टोकदार काळ्या टोप्या घालून रांगेनं चर्चला जातात. त्यांच्या मूळ नियमांत आहे की बाई किमान छप्पन्न वर्षांची असावी, एकटी असावी, शक्य तर वाचता येणारी असावी, आणि भांडखोर किंवा गुत्त्यात जाणारी नसावी. वाचता येणारी! १६१४ साली! तुझ्या मावशीला पहिल्या रांगेत बसवलं असतं.

पण नियम काचणारेच होते, हेही लिहायला हवं. प्रार्थनेला हजर राहायचं म्हणजे राहायचं, रात्री दरवाजा बंद, देतील ते कपडे घालायचे. पात्र गरीब आणि अपात्र गरीब अशी चाळणी लावायची, आणि चाळणीतून खाली पडले त्यांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही. दिलेल्या घरातही दात्याची सत्ता असते. आजसुद्धा आम्सहाऊसमध्ये राहणारा माणूस कायद्यानं भाडेकरू नसतो, लाभार्थी असतो. तो भाडं देत नाही, देखभालीचा आठवड्याचा वाटा देतो. बहुतेक ठिकाणी हे प्रेमानं चालतं. पण विश्वस्तांशी बिनसलं तर भाडेकरूसारखं संरक्षण त्याच्याकडं नाही. मी ज्यांच्याकडं कामाला जायचे त्यांतल्या एका आजोबांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. माझ्या मते हा कायदा बदलायला हवा.

आता कोणाला मिळतं ते. प्रत्येक संस्थेचं वेगळं. बहुतेक ठिकाणी साठीच्या पुढचं वय, मिळकत कमी, आणि त्या गावाशी काहीतरी नातं. काही ठिकाणी धंद्यावरून : मच्छीमार, खाणकामगार, शिपाई. वॉरिकचं लॉर्ड लेस्टर हे आम्सहाऊस रॉबर्ट डडलीनं १५७१ मध्ये जखमी आणि म्हाताऱ्या सैनिकांसाठी काढलं, आणि तिथं आजही माजी सैनिकच राहतात. झग्यावर अस्वलाचा चांदीचा बिल्ला लावतात. एक गेला की त्याचा बिल्ला पुढच्याच्या अंगावर. देशभर अशा दीडएक हजार संस्था आहेत आणि त्यांत तीस हजारांवर माणसं राहतात.

माझ्या त्या कडी घासणाऱ्या आजी गेल्या त्या पहाटे त्यांच्याच पलंगावर. मी नेहमीप्रमाणं साडेआठला गेले, कडी वाजवली, आणि काठीचा आवाज आला नाही. तेवढी एकच वेळ मी पेटीतली किल्ली लावली. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा यायच्या आधी मी जाऊन कडी घासून आले.

---

निवृत्त_निरीक्षक

ताई, वाचून डोळे भरले. पुढं लिहायला थोडा वेळ लागला.

सायलीताई, तुमच्या मावशींच्या अनामत रकमेचं पहिल्या पोस्टीत वाचलं ते डोक्यातून जात नाही. जमेल तेवढं सांगतो. आधी हे बघा की तो वृद्धाश्रम नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचा आहे की कुणाचा खासगी. पावतीवर किंवा माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असतो. ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षर, मग आकडा, मग जिल्हा. तो असेल तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा मागा. फी भरली की कुणालाही नक्कल मिळते. त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकत असते. लेखापरीक्षणाचे अहवालही संस्थेनं तिथं दाखल करायचे असतात. त्यांच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला अनामत रकमा दाखवल्या आहेत का ते बघायचं. मग लेखी तक्रार. क्रमांक नसेल आणि खासगी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडं मूळ पावती लागते. मावशींनी ती कुणालाही देऊ नये, फक्त झेरॉक्स द्यावी. आणि काहीही सही करायला सांगितलं तर आधी पूर्ण वाचावं.

---

सायली_साउदॅम्प्टन

आत्ताच मावशीशी बोलले. पावती आहे! पापडाच्या स्टीलच्या डब्यात, जुन्या पासबुकांच्या खाली ठेवली होती. चष्मा लावून तिनं मला फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं. क्रमांक आहे, ‘एफ’नं सुरू होतो. तिला तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचून दाखवला, ‘आधी पूर्ण वाचावं’ इथं आले तेव्हा म्हणाली, अगं, मी छत्तीस वर्षं मुलांना हेच सांगितलं.

पाच महिन्यांपूर्वी त्यांनी तिला एक कागद सहीसाठी पाठवला होता, रक्कम पूर्ण मिळाल्याचा. तिनं सही केलेली नाही. तो कागदही डब्यातच आहे. सोमवारी ती आणि शेजारचा मुलगा झेरॉक्स काढून धर्मादाय कार्यालयात जाणार आहेत. काका, अर्जाचा मसुदा इथं टाकू का, तुम्ही एकदा बघाल?

---

निवृत्त_निरीक्षक

टाका. नावं झाकून टाका. आज रात्रीच बघतो. आणि सोमवारी अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मावशींनी खिडकीपासून हलू नये.